एअर रायफल अन् दुर्बीण घ्याची हाये, १५ हजारात कोणती जमन?

वावरवाला_दारव्हा

राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, घरची शेती हाये, कपाशी, तूर अन् थोडा संत्रा. लय दिवसापासून मनात हाये का एक चांगली एअर रायफल घ्याव. आमच्या आबाजीची एक जुनी छर्रेवाली बंदूक हाये, लाकडी दस्त्याची, पन आता वायसर गेलं तिचं अन् नळीले जंग चढला. तिच्यानंच नेम धरणं शिकलो आमी सारे भाऊ. आता नवीन घ्याची म्हनतो, बजेट समजा १५ हजार, दुर्बीण धरून, लयच झालं त दोन हजार वर.

यूट्यूबवर पाहू पाहू डोकं फिरून गेलं. कोणी म्हनते स्प्रिंगवाली घे, कोणी म्हनते गॅसवाली, कोणी म्हनते पीसीपी (पंपानं आधीच दाबून हवा भरून ठेवाची गन) घे बाकी सारं बेकार हाये. एक दुकानदार फोनवर म्हने का १२०० एफपीएसची गन हाये, घेऊन टाका, दुर्बीण फुकट देतो संग. दुसऱ्यानं ८०० वाली सांगतली अन् तिची किंमत जास्त! मले हे समजून नाई रायलं का कमी स्पीडची गन महाग कायले असन.

काम काय हाये त संध्याकाळी वावरात डबे-बाटल्या पाडणं, हा माह्या शौक. दुसरं म्हंजे संत्र्यात वानरं येतात, रातच्यानं रोही (नीलगाई) अन् डुकरं येतात, त्यायले भेव दाखवाले कामी पडन काय? अन् तिसरं, माही पुतणी आठवीत हाये, स्वप्नील कुसाळेले मेडल भेटलं तवापासून तिच्या डोक्यात रायफल शूटिंग बसली हाये, तिले पन याच गनवर शिकवता येईन काय? एकाच गनमंदी हे तिन्ही होत असन त सांगा. दुर्बीण ऑनलाइन ३-९×४० (म्हंजे ३ ते ९ पट झूम, पुढची काच ४० एमएम) दोन हजारात दिसून रायली, तेच घेऊ का?

जानकारानं सांगा भाऊ, गावात इचाराले कोणी नाई.

टिपेश्वर_काठ

राम राम भाऊ. बाकीचे गनचं सांगतीलच, मी आधी वानराचं अन् रोह्याचं सांगतो, कारण त्याच्यात फसशीन.

रोही, रानडुक्कर, हरण, मोर, वानर, पोपट या कोणावरच एअर गन चालवाची नाई. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा हाये, त्यात शिकार म्हंजे फक्त मारणं नाई, जखमी करणं अन् मारायचा प्रयत्न करणं पन त्यातच येते. मी शेतकरीच हाये, माह्या बी हरभरा दरवर्षी अर्धा डुकरं खातात, म्हनून मी काही शहरातून बसून ग्यान नाई देऊन रायलो. पन समजून घे, ४.५ चा छर्रा अर्ध्या ग्रामचा असते. डुकराच्या कातड्याले त्याचं काही होत नाई, उलट ते बिथरते. अन् वानराले लागला त ते मरत नाई, छर्रा आत रायते, जखम सडते, डोळ्याले लागला त डोळा जाते. अशी एक मादी आमच्या शिवारात आली होती, पोटाशी पिल्लू अन् मांडीत छर्रा, जागा सुजून काळी झालेली. वनखात्याचे लोक पिंजरा घेऊन येईपर्यंत ते दुसऱ्या झाडावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर लंगडत पळे. ते पाह्यल्यावर मी घरच्या पोट्ट्यायले सक्त ताकीद दिली.

अन् भेव दाखवाले म्हनशीन त एअर गनचा आवाजच येत नाई तेवढा. फटाका लय बरा. रोह्या-डुकरासाठी झटका मशीन लाव, सोलरवाली, वनखात्याची कुंपणाची योजना असते तिचा फॉर्म भरून ठेव. नुकसान झालं का फोटो काढून लगेच वनरक्षकाले कळव, पंचनामा झाला तरच भरपाई भेटते, दिवस लांबवले का मंग कोणी इचारत नाई.

आता लायसनचं. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे नळी .१७७ म्हंजे ४.५ एमएमची अन् ताकद २० ज्यूलच्या आत असन त लायसन लागत नाई. .२२ ची एअर रायफल असन नाईत २० ज्यूलच्या वर असन त लायसन लागते, मंग ते ऑनलाइन कोणी विकत असन तरी. दुकानदार आधारची झेरॉक्स घेते अन् रजिस्टरात नोंद करते, करू दे, पक्कं बिल घे अन् बिलाचा फोटो मोबाइलमंदी ठेव. गावातून नेतानी कव्हरमंदी ने, खांद्यावर उघडी टांगून बसस्टँडवर फिरू नको, लोकायले दुरून काय समजते का ते छर्रेवाली हाये का खरी.

अजून एक. तालुक्याच्या गावी काही मिस्त्री स्प्रिंगमागं वायसरा टाकून पॉवर वाढवून देतो म्हनतात. नाई कराचं. २० ज्यूलच्या वर गेली का कायद्यानं ते गनच वेगळी झाली, अन् वरून पिस्टनची वाट लागते ते वेगळंच.

वावरवाला_दारव्हा

धन्यवाद भाऊ, हे कोणी सांगतलंच नव्हतं. वानराचं डोक्यातून काढून टाकलं. झटका मशीनचं पाह्यतो. मंग आता डबे पाडाले अन् पुतणीसाठी, एवढंच धरून सांगा.

बुलढाणा_स्प्रिंगवाला

दारव्हाभाऊ, तुमचा तो ८०० अन् १२०० चा प्रश्न लय चांगला हाये, त्याच्यातच सारं हाये.

एफपीएस म्हंजे छर्रा एका सेकंदात किती फूट जाते. आता डब्यावर १००० लिहिलं असते ते कोणत्या छर्र्यानं मोजलं हे कोणी लिहित नाई. पाच-साडेपाच ग्रेनचा (ग्रेन म्हंजे छर्र्याच्या वजनाचं माप) हलका मिश्रधातूचा छर्रा टाकला का साधी गन पन १००० दाखवू शकते. तेच गनमंदी ८.४ ग्रेनचा चांगला शिशाचा छर्रा टाका, ८०० च्या आसपास येते. ताकद दोन्ही वेळेस जवळजवळ तेवढीच, १६ ज्यूलच्या आगंमागं. म्हंजे एका दुकानदाराची १००० वाली अन् दुसऱ्याची ८०० वाली एकाच ताकदीची असू शकते, एकानं खरं सांगतलं अन् एकानं डब्यावरचं वाचून दाखवलं. ८.४ ग्रेननं जर कोणती गन खरंच १००० देत असन त ते २५ ज्यूलच्या घरात गेली, म्हंजे वर टिपेश्वरभाऊनं सांगतलं तसं लायसन. अन् आवाजाचा वेग साधारण ११०० एफपीएसच्या थोडा वर, छर्रा त्याच्या जवळ गेला का डगमगते, नेम फाकते. म्हनून ज्याले नेम पाह्यजे त्यानं ७०० ते ८५० मंदी रायावं, १२०० च्या मागं लागूच नये. जे ८०० वाली महाग सांगतली ना, तिची नळी अन् ट्रिगर पाहा, पैसे तिथं लागले असतात.

माह्या मतानं तुमी स्प्रिंगवाली ब्रेक बॅरलच (नळी मोडून घोडा चढवाची) घ्या. कारण सांगतो. गॅसवाली चालवाले गुळगुळीत असते, स्प्रिंगसारखी झणझण नाई, घोडा चढवून थोडा वेळ ठेवली तरी तिले काही होत नाई, हे सारं खरं हाये. पन गॅस लीक झाला का ते सिलेंडर पूरा बदलावा लागते, अन् ते दारव्ह्यात काय यवतमाळात पन भेटन याची गॅरंटी नाई. स्प्रिंगचं तसं नाई, स्प्रिंग अन् वायसर बदलाले डोकंवाला मिस्त्री असला का झालं. खेड्यावर राह्यणाऱ्यानं जे वस्तू आपल्या हातानं नाईत जवळच्या मिस्त्र्याकडून सुधरते तेच घ्यावं. भारतातल्या कंपन्यांच्या पन आता चांगल्या गन येतात, प्रेसिहोल वगैरे, पार्ट भेटतात, इंपोर्टेडच्या मागं लागाची गरज नाई. अन् आबाजीची ते बंदूक फेकू नका बरं, ज्याच्या नळीच्या आतला पेच (आतून कोरलेल्या गोल फिरत्या खाचा) शाबूत हाये ते वायसर अन् स्प्रिंग टाकून पुन्हा उभी होते. नळी मोडून उजेडाकडे धरा अन् आत पाहा, पेच गोल गोल चकाकत दिसले त ठीक, खड्डे दिसले त भिंतीवर टांगा.

दुकानात गेल्यावर हे पाहा. नळी मोडून घोडा चढवा अन् नळी डावी-उजवी हालवून पाहा, लटलट हालली का नको. जोडावर जिथं नळी बंद होते तिथं टिश्यू पेपरचा पातळ तुकडा ठेवून एक छर्रा मारून पाहा, कागद फडफडला त हवा तिथून निघून रायली. दस्त्याचे पेच कसलेले हायेत का पाहा, घरी आणल्यावर पन दर थोड्या दिवसानं कसा, कारण स्प्रिंगच्या धक्क्यानं ते ढिले होतात अन् मानूस म्हनते दुर्बीण खराब हाये.

रिकामी चालवू नका. कधीच नाई. छर्रा नसला का पिस्टनले पुढून हवेचा रेटा भेटत नाई, ते जाऊन धाडकन आदळते, वायसर फुटते. लोक काय करतात, मित्र आला का पाहू बरं म्हनून खट्ट करून दाखवतात. अन् छर्रा भरतानी दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरून ठेवाची, लहान पोरायले त हे पयलं शिकवा. ट्रिगर चुकून सुटला का नळी झटक्यानं बंद होते अन् बोट मधात असलं त बोट जाते.

तेल कमी टाका. आपल्याकडे लोकायले वाटते तेल टाकलं का मशीन खूश. पिस्टनच्या आत तेल गेलं का ते दाबानं पेटते, धूर निघते, आवाज फट्ट येते, अन् मानूस खूश होते का पॉवर वाढली. त्यानं स्प्रिंग अन् वायसर दोन्ही जातात. बाहेरून मात्र पावसाळ्यात दर खेपेले तेलाच्या फडक्यानं पुसाची, घामाचा हात लागला तरी जंग धरते.

अन् छर्रे. इथं कंजुसी केली त सारं पाण्यात. सस्ता डबा घेतला अन् पांढऱ्या कागदावर ओतून पाह्यला का समजते, एखाद्याची मागची झालर चेपलेली, एखाद्याले शिशाचा तुकडा लटकलेला, एखादा नळीत ढिला बसते त एखाद्याले अंगठ्यानं ढकलावं लागते. असे छर्रे घेऊन कोणतीही गन एका जागी मारत नाई. जेएसबी, एच अँड एन असे चांगले दोन-तीन प्रकारचे डबे घ्या, ८ ते १० ग्रेनच्या मधातले, अन् टेकू देऊन एकाच कागदावर मारून पाहा. प्रत्येक गनले एक छर्रा आवडते, ते तिचं तीच सांगते. नवीन गनचे पयले एक-दोन डबे जाईपर्यंत नेम स्थिर होत नाई, तवा लगेच फोरमवर येऊन रडू नका.

१५ हजारात माह्या हिशोब असा, मोठा हिस्सा गनले, मंग छर्र्यायले, अन् जे उरलं ते दुर्बिणीले. सुरुवातीले त बिना दुर्बिणीचंच चालवा, मक्खीवर, म्हंजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर.

वणी_पीसीपी

बुलढाणाभाऊ सारं बरोबर पन स्प्रिंग शिकाले लय टाइम लागते हे पन सांगा ना. पीसीपीले धक्काच नाई, पयल्या दिवसापासून छर्र्यावर छर्रा बसते. मी पीसीपीच चालवतो अन् मले परत स्प्रिंगवर जावं नाई वाटत.

फक्त दारव्हाभाऊ तुमच्या बजेटात ते नाई बसत, कारण नुसती गन घेऊन होत नाई, संग हातपंप लागते. गन साधारण २०० बारवर भरावी लागते. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर ८-१० बारचा, त्याच्यानं काही होत नाई. तीन टप्प्याचा खास हातपंप लागते अन् मे महिन्यात तो मारतानी घाम निघते. अन् कोणी म्हनलं का वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजनचा सिलेंडर लावून भरून देतो, त त्याच्या दारातून पळा. ऑक्सिजन अन् आतलं ग्रीस दाबाखाली एकत्र आलं का गन फुटते, जीव जाते. फक्त कोरडी हवा. पावसाळ्यात हवेतला ओलावा आत जाते, पंपाले फिल्टर असलाच पाह्यजे.

पुढं बजेट झालं का इचारा, आता तुमाले स्प्रिंगच बरी.

बुलढाणा_स्प्रिंगवाला

वणीभाऊ, टाइम लागते हे खरं, मान्य. स्प्रिंगची गन घट्ट आवळून धरली का ते तुमाले नेम देत नाई. डाव्या तळहातावर नुसती ठेवाची, दस्ता खांद्याले हलका टेकवाचा, गाल हलका, अन् जिथं मागच्या वेळेस हात होता तिथंच पुन्हा. तिले जसं हालाचं तसं हालू द्याचं, पन दर वेळेस सारखं. ज्याले स्प्रिंगवर नेम धरता आला त्याले कोणत्याही रायफलवर येते, म्हनून तर मी शिकणाऱ्याले तेच सांगतो.

अकोला_दुर्बीण

आता दुर्बिणीचं मी घेतो, कारण दोन हजारवाली ३-९×४० वाचून मले राहावलं नाई.

भाऊ, स्प्रिंगच्या गनचा धक्का दोन्हीकडून असते. पिस्टन पुढं सुटला का गन मागं येते, अन् पिस्टन शेवटी जाऊन थांबला का गन पुढं झटका खाते, हे सारं डोळा मिटाच्या आत. खऱ्या रायफलच्या दुर्बिणी फक्त मागचा धक्का झेलाले बनवल्या असतात. म्हनून मोठ्या बंदुकीवर जे दुर्बीण वर्षानुवर्षं चालते ते एअर गनवर खिळखिळी होते, आतली क्रॉसची तार फिरते नाईत काच ढिली होते. इकत घेतानी एकच प्रश्न इचारा, स्प्रिंगर रेटेड, म्हंजे स्प्रिंग गनचा धक्का झेलाले बनवलेली हाये का? लिहून देत असन तरच घ्या. एअर गनसाठीच बनवलेल्या दुर्बिणी असतात, जशी हॉकची एअरमॅक्स, पन ते तुमच्या बजेटच्या बाहेर. फुकटवाली दुर्बीण त फुकटच घ्या, तिच्यावर भरवसा ठेवू नका. मोठ्या कंपनीचं नाव छापलेल्या नकली दुर्बिणी पन ऑनलाइन ढीगानं भेटतात, बॉक्सवर नाव असते अन् किंमत चौथाईपेक्षा कमी, तेवढ्यावरून समजून जा.

दुसरी गोष्ट पॅरॅलॅक्स. हे दिसाले बारीक हाये पन सारा खेळ याचाच हाये. रायफलच्या साध्या दुर्बिणी १०० यार्डवर सेट असतात. आपण मारतो १० ते २५ मीटरवर. मंग काय होते, डोळा जरासा हालला का क्रॉस निशाणीवरून सरकते. दुकानात तपासाचं असन त गन वाळूच्या थैलीवर ठेवा, हात लावू नका, दुर्बिणीतून १५-२० मीटरवरची एखादी खूण पाहा, भिंतीवरचा खिळा असला तरी चालते, अन् डोकं हळूहळू वर-खाली करा. गन जागची हालली नाई तरी क्रॉस खिळ्यावरून खाली-वर जात असन त त्या दुर्बिणीनं २० मीटरवर नेम लागणार नाई, तुमी कितीही चांगले नेमबाज असा. म्हनून एओ लिहिलेली घ्या, ज्याच्या पुढच्या काचेची रिंग फिरवून १० यार्डपर्यंत फोकस येते. एओवाली बजेटात नसन त साधी ४×३२ एअर गनवाली घ्या, तिच्यात बिघडाले काही नाई.

९ पट झूमची गरज नाई. २० मीटरवर ९ वर ठेवली का आपल्याच छातीचे ठोके क्रॉसमंदी दिसतात अन् मानूस घाबरून ट्रिगर ओढते. ५-६ वर ठेवा. लाल-हिरवा दिवा, लेझर, हे सारं सोडा.

माउंट, म्हंजे दुर्बीण गनवर बसवाची पकड! इथं लोक शंभर-दोनशे वाचवतात अन् मंग दुर्बीण मागं सरकते. स्प्रिंगवर एकसंध माउंट घ्या, दोन सुट्या रिंगा नको, अन् खाली स्टॉप पिन असलेला घ्या, ते पिन गनवरच्या भोकात बसते. भोक नसन त माउंटच्या मागं वेगळा स्टॉपर लावा. रिंगचे पेच एका बाजूचा पूरा कसून मंग दुसरा असं करू नका, कैचीनं थोडे थोडे कसा, नाईत नळी दबते. आडवा क्रॉस सरळ लागला का नाई हे पाहाले गवंड्याचा ओळंबा घ्या, १५-२० मीटरवर कडुलिंबाच्या फांदीले टांगा, गन सरळ धरून उभी तार त्या दोरीवर बसवा. याच्यापेक्षा चांगली पद्धत मी अजून पाह्यली नाई.

झिरो करतानी, म्हंजे क्रॉस अन् छर्रा एका जागी आणतानी, आधी १० मीटरवर कागदावर आणा, मंग २० वर. बहुतेक दुर्बिणीवर पाव एमओए लिहिलं असते. त्याचा अर्थ नेम सरकवाची टोपी एक खट्ट फिरवली का, म्हंजे एका क्लिकनं, १०० यार्डवर पाव इंच. आपल्या २० मीटरवर एक क्लिक म्हंजे दीड मिलिमीटरपेक्षा जराशी कमी. छर्रा ३ सेंटिमीटर खाली लागत असन त २० एक क्लिक वर. लोक दोन क्लिक फिरवतात अन् म्हनतात काही फरकच नाई पडला. अन् एका छर्र्यावरून फिरवू नका, तीन-चार मारा, त्यायचा मध्य पाहा, मंग फिरवा. ब्रेक बॅरलची नळी कधी कधी जराशी खाली झुकलेली असते, सारे क्लिक वर संपले तरी छर्रा खालीच लागते, तसं झालं त मागच्या रिंगमंदी दुर्बिणीच्या नळीखाली जुन्या फिल्मचा तुकडा टाकतात, नाईत ड्रूपवाला, म्हंजे हा झुकाव भरून काढणारा माउंट भेटते.

उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका दुर्बीण. आपल्याकडच्या ४५ च्या उन्हात बंद गाडीत काय होते ते सांगाले नको, रबर सील जाते, मंग पावसाळ्यात आतून वाफ धरते.

वारा पन पाहा, अर्ध्या ग्रामचा छर्रा वाऱ्यानं सरकते. झिरो सकाळीच करा.

क्रीडाशिक्षिका_अमरावती

नमस्कार. पुतणीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

दादा, आधी एक गैरसमज दूर करते. स्वप्नील कुसाळेला पॅरिसला २०२४ मध्ये जे कांस्य मिळालं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेमबाजी), तिथे .२२ ची काडतुसाची रायफल असते. एअर रायफलचा खेळ म्हणजे १० मीटर, ज्यात अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण आणि गगन नारंगने २०१२ ला लंडनमध्ये कांस्य जिंकलं, आणि आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत विश्वविजेता झाला. सुरुवात मात्र सगळ्यांची १० मीटरपासूनच होते, म्हणून तिला योग्य वाट दिसली आहे. आणि मुलगी म्हणून कोणी मागे खेचत असेल तर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतचं नाव सांगा, २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारण्याच्या प्रकारात, ती विश्वविजेती होती.

या खेळात दुर्बीण चालत नाही. अजिबात नाही. बारीक भोकातून बघायची पीप साईट असते, आणि शालेय स्पर्धांमध्ये ओपन साईटचा वेगळा गट असतो, म्हणजे साधी मक्खी आणि खाच. तिची सुरुवात ओपन साईटवरच करा. निशाणीच्या कार्डावरचं सगळ्यात बाहेरचं वर्तुळ ४५.५ मिलिमीटरचं आणि मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. तिथे ताकदीची काहीच गरज नसते, मॅचच्या रायफली ५७५ एफपीएसच्या आसपासच मारतात आणि छर्रा चपट्या तोंडाचा असतो, म्हणजे कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजता येतात.

तुम्ही जी गन घ्याल ती आठवीतल्या मुलीला जड पडेल हे लक्षात घ्या. तीन-साडेतीन किलो वजन आणि वर नळी मोडायला जोर. घोडा तुम्ही चढवून द्या, तिला फक्त उभं राहणं, श्वास आणि ट्रिगर शिकू द्या. माझ्याकडच्या मुलींना मी पहिले काही आठवडे छर्राच देत नाही. पाय खांद्याएवढे फाकवून उभं राहायचं, डाव्या कोपराला कमरेच्या हाडावर टेकू, डोळे मिटायचे, उघडायचे आणि मक्खी कुठे आली आहे ते बघायचं. बाजूला गेली असेल तर हातानं ओढून आणायची नाही, पाय सरकवायचे. कंटाळा येतो त्यांना, पण ज्या मुली हे मन लावून करतात त्यांचं कार्ड पुढे बघण्यासारखं असतं.

कार्डाचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंच लावा. मागे लाकडी खोका, त्यात जुने कपडे आणि चिंध्या गच्च भरून, आणि त्यामागे मातीची भिंत किंवा धुरा. पऱ्हाटीच्या गंजीवर किंवा विहिरीच्या दगडी कठड्यावर कधीही मारू नका, दगडावरून छर्रा उलटा येतो. चुकलेला छर्रा शेदोनशे मीटरच्याही पुढे जातो, तेव्हा मागे रस्ता, गोठा, कामावरच्या बाया कोणी नको. डोळ्यांना चष्मा तिलाही आणि तुम्हालाही. छर्रे शिशाचे असतात, ते तोंडात धरायची सवय खेड्यात फार दिसते, ती लागू देऊ नका, आणि नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही.

ती टिकली, वर्षभर मनापासून करत राहिली, तर मग जवळच्या क्लबमध्ये न्या. तिथे क्लबची मॅच रायफल वापरायला मिळते, लगेच लाखाची गन घ्यायची गरज नसते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात शालेय स्पर्धांचं वेळापत्रक विचारून ठेवा, शाळेमार्फत प्रवेशिका जाते आणि खेड्यातल्या शाळांना हे माहीतच नसतं, तुम्हालाच मुख्याध्यापकांच्या मागे लागावं लागेल.

वावरवाला_दारव्हा

मॅडम, तुमचा मेसेज पुतणीले वाचून दाखवला, ते आत्ताच डोळे मिटून अंगणात उभी हाये काठी घेऊन. तुमचे लय आभार.

त आता असं ठरवलं, स्प्रिंगवाली ब्रेक बॅरल, .१७७, ८०० च्या आसपासची, तीन प्रकारचे छर्रे, अन् दुर्बीण नंतर, ४×३२ एअर गनवाली. १२०० वाल्या दुकानदारालं आज फोन करून इचारलं का ८.४ ग्रेनच्या छर्र्यानं किती देते, त तो म्हने ग्रेन म्हंजे काय. मी फोन ठेवून देला.

अकोलाभाऊ एकच शेवटचं, माउंट घेतानी दोन साइजचे दिसून रायले, ११ एमएम अन् दुसरा २० चा काहीतरी. कोणता घेऊ? गन हातात येईपर्यंत माउंट मागवू का नाई?

अकोला_दुर्बीण

गन येऊ द्या आधी. एअर गनवर बहुतेक ११ एमएमची डव्हटेल असते, म्हंजे वरच्या बाजूनं दोन बारीक खाचा कोरलेल्या. दुसरा तो विव्हर नाईत पिकॅटिनी, रुंद असते अन् त्याले आडवे खाचे असतात, ते काही नव्या गनवर येते. गन आली का पट्टीनं रुंदी मोजा अन् वरून फोटो टाका इथं, सांगतो. स्टॉप पिनचं भोक हाये का तेही फोटोत दिसू द्या. अन् दुर्बिणीची नळी एक इंचाची का ३० एमएमची ते पाहूनच रिंग घ्या, ४×३२ असन त एक इंचच राहीन.

बुलढाणा_स्प्रिंगवाला

अन् बिल घेतानी त्याच्यावर गनचा नंबर लिहून घ्या भाऊ, गनवर कोरलेला नंबर अन् बिलावरचा एकच हाये का ते दुकानातच ताडून पाहा.